मोठ्या आईची पानवडी

आमच्या घरात दोन आया होत्या आणि चूल एकच होती. बाहेरच्या माणसाला हे कळलं की तो लगेच भांडणाची कल्पना करायचा. पण आमच्याकडं भांडण कधी झालंच नाही. भांडायला एकमेकींशी बोलावं लागतं. मोठी आई आणि आई बोलत नव्हत्या. अबोला होता असंही नाही. 'दूध आलंय', 'पोरीचं अंग तापलंय', 'दळण संपत आलं' अशी वाक्यं त्या भिंतीकडं बघून म्हणायच्या, आणि जिच्यासाठी ते वाक्य असेल ती ऐकून कामाला लागायची. मोठी आई माझ्या आईला 'अगं ए' म्हणायची. आई तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. मी लहानपणी समजत होते की सगळ्यांच्याच घरी असंच असतं, एक आई स्वयंपाकघरात असते आणि एक अंगणात.

मोठी आई म्हणजे अण्णांची पहिली बायको, गिरजा. तिला बरीच वर्षं मूल झालं नाही. मग तिनं स्वतःच जाऊन नात्यातली एक गरीब घरची पोरगी बघितली, सुमन, आणि अण्णांचं दुसरं लग्न लावून दिलं. त्या पोरीची शाळा सातवीत सुटली होती, आणि लग्नाबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती माझी आई. मी झाले, आणि मला न्हाऊ घालणं, जावळ विंचरणं, कुशीत घेऊन निजणं हे सगळं मोठ्या आईनं आपल्याकडं घेतलं. आईकडं मी दूध प्यायला जायची, इतकंच. मोठी झाल्यावर तेही कारण उरलं नाही. माझं नाव मंदाकिनी, पण 'मंदे' अशी हाक मोठ्या आईनं मारली की शेजारच्या म्हशीसुद्धा मान वर करायच्या.

आम्ही मुकुंदवाडीत राहत होतो. तेव्हा आमच्या शहराचं नाव वेगळं होतं आणि मुकुंदवाडी शहरात आहे की गावात, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. स्टेशनकडच्या बाजूला आमचं पत्र्याचं घर होतं, पाठीमागं ज्वारीचं रान. गाडी जाताना उतरंडीतली मडकी एकमेकांना लागून किणकिणायची. अण्णा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याचा भोंगा झाला की मोठी आई तवा चुलीवर ठेवायची, आणि अण्णा सायकल भिंतीला लावून हातपाय धुवेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. भाजलेल्या येसराच्या पिठाची आमटी, वर कच्चं तेल, बाजूला लसणाचा ठेचा. वाढायची ती मोठी आईच. घरातल्या प्रत्येकाच्या ताटात तिच्याच हातचं पडायचं. पाणी भरणं, धुणं, झाडलोट, दारातल्या दोन शेळ्या हे आईच्या वाट्याला. मी दहावीला गेले तोवर माझ्या आईनं त्या घरात तव्यावर एक भाकरी टाकलेली मी पाहिली नव्हती. आणि सगळ्यांचं झाल्यावर मोठी आई आमच्याकडं पाठ करून, चुलीकडं तोंड करून जेवायची. ती काय आणि किती खाते, ते कुणालाच दिसायचं नाही.

तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, काळे डाग होते. शाईचे थेंब उडावेत तसे. एक हनुवटीखाली होता. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बिब्बा." पुढं काही नाही.

मी दहावीला असताना हिवाळ्यात मोठ्या आईला मुदतीचा ताप आला. सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. ती घरी परतली ती अण्णांच्या आणि आईच्या आधारानं, पाय ओढत. ताप गेला होता, पण जेवण सुटलं ते सुटलंच. पेज दोन घोट घ्यायची आणि वाटी सारायची. तिचं अंथरूण आतल्या खोलीत होतं, आणि ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यात नुसता एक पडदा होता. तिच्या आजारपणात चूल आपसूकच आईकडं आली होती. ती परतली त्या संध्याकाळी आईनं भाकरी थापल्या, अण्णांना वाढलं. अण्णा साधा माणूस. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "चांगली झालीया भाकर. मऊ हाय."

पडद्यापलीकडं मोठी आई जागी होती. मी तिच्या पायाशी बसले होते. तिनं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती आमच्याकडं वळून झोपलेली मला आठवत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं अण्णा पुन्हा जाऊन आले. "आता औषधाचं काम संपलंय," डॉक्टर म्हणाले होते, "पोटात अन्न जायला पाहिजे. नाही गेलं तर फार दिवस काढायच्या नाहीत." अण्णांनी हे ओट्यावर बसून सांगितलं, हळू आवाजात. आई शेळीला पाला घालत होती. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही.

एका दुपारी मी मोठ्या आईचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होते. तिनं डोळे न उघडता विचारलं, "पानवडी हाय का गं?"

मला वाटलं, झोपेत बोलतेय. मी विचारलं, "काय असतं ते?"

"गुळाची असती." बऱ्याच वेळानं पुढचं आलं. "पळसाच्या पानावर वततात. थिजली की पान सोलून काढायचं. मंग पानाच्या शिरा उमटत्यात तिच्या पाठीवर." पुन्हा थांबली. "मधी गोडंबीचा चुरा असतो. माय करायची आमची."

"आणू का?"

"जाऊ दे. कुणाला यायलीय ती आता."

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बाळंतिणीच्या लाडवात घालतात, तेवढं मला माहीत होतं. मी बाहेर येऊन आईला सांगितलं. ती धुण्याच्या दगडापाशी होती. अण्णांच्या खाकी पँटवर तिचा हात तसाच राहिला.

"खाईन म्हणाली?" आईनं विचारलं.

"तसं नाही म्हणाली."

"पण नाव घेतलं ना तिनं?"

"घेतलं."

आईनं पँट पिळली, झटकली, दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल. गुलमंडीच्या बाजारात जाऊन येऊ."

आईला शहराची सवय नव्हती. दुकानात शिरताना ती पदर कपाळापर्यंत ओढायची आणि बोलायला मला पुढं करायची. मी 'पानवडी' म्हणायचे आणि लोक हसायचे. एकानं विड्याच्या पानाचा रंग घातलेली हिरवी बर्फी दाखवली. दुसऱ्यानं पापडाची वडी असेल म्हणून किराण्याच्या दुकानाकडं बोट केलं. एका जुन्या मिठाईच्या दुकानातले पांढऱ्या दाढीचे चाचा मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत होते. पळसाचं पान, गूळ, गोडंबी. मग त्यांनी मान हलवली. "अम्मा, ये तो घाट के लोगां की चीज है. दुकान में कायको आएगी? पचास साल से बैठाय मैं इधर, मैंने नै देखा." त्यांनीच सांगितलं की गोडंबी शेजारच्या सुक्या मेव्याच्या दुकानात मिळेल. आईनं ती पुडी घेतली, कमरेला खोचली.

घरी येऊन आईनं गुळाचा पाक केला, त्यात गोडंबी टाकली आणि तूप लावलेल्या ताटलीत थापली. पळसाचं पान नव्हतंच. वडी छान झाली होती, मी दोन खाल्ल्या. मोठ्या आईला मी एक तुकडा भरवला. तिनं तो जिभेवर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग बोटांनी काढून माझ्या तळहातावर दिला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण ही ती नाय."

आई पडद्यापाशी उभी होती. मला वाटलं, तिला लागलं असेल. पण तिच्या चेहऱ्यावर दुखावल्याचं काही नव्हतं. गणित चुकल्यावर आमच्या वर्गातली हुशार पोर वहीकडं बघते, तशी ती त्या तुकड्याकडं बघत होती. रात्रीच्या जेवणाला तिनं अण्णांना सांगितलं, "मी उद्या कन्नडला जाते. तिच्या माहेरी. मंदीला नेते संगं."

अण्णांचा घास हातात राहिला. "आगं, तिथं हाय कोण आता? एक भावजय राहिली म्हातारी."

"असू द्या की."

"आन् हिच्यापाशी कोण थांबंल?"

"तुम्ही थांबा. एक दिवस तुमच्याबिगर भोंगा झाला तरी चालंल."

आई अण्णांशी असं बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. अण्णांनीही नसावी. ते घरी थांबले.

एसटीनं कन्नडला उतरलो तो बाजाराचा दिवस होता. रेवड्या, बत्तासे, गोडीशेव असं बरंच काही पोत्यांवर मांडलेलं होतं. आम्ही एकेका पालापाशी थांबून विचारत गेलो. आता आई स्वतः विचारत होती. पदर कपाळावरून मागं सरकला होता, तो तिनं पुढं ओढला नाही. चिंचा-बोरं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "पानवडी व्हय? ती बाजारात नव्हती कधीच. बिब्बे फोडणारांच्या घरातली चीज ती. लेकरं घेऊन फिरायची हातात." तिच्याकडून आईनं चिंचा घेतल्या. मग आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घाटाच्या अंगाच्या, मोठ्या आईच्या माहेरगावाला गेलो. रस्त्याला पळस फुलांनी पेटले होते आणि एकाही फांदीवर पान नव्हतं.

मोठ्या आईच्या भावजयीचं नाव कौसाबाई. मी तिला मामी म्हटलं. घराच्या ओट्यावर ती निवडणं घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझ्यावरून बोटं कडाकडा मोडली, आणि मग आईकडं निरखून बघितलं.

"तू ती धाकली का?"

"व्हय," आई म्हणाली.

मामीनं निवडणं बाजूला सारलं. मग पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, चहा ठेवला. मोठी आई जेवत नाही हे ऐकल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला, आणि पानवडीचं ऐकल्यावर तो खाली घेऊन ती चक्क हसली. "आगं बया! अजून ध्यानात हाय तिच्या?"

मग तिनं सांगितलं. त्या वस्तीत पूर्वी घरोघरी बिब्बे फोडत. पुरुष रानातून बिब्बे आणायचे, आणि बाया-पोरी दगडावर ठेवून एकेक फोडायच्या. बिब्ब्याचं तेल अंगावर उडालं की कातडी जळते, म्हणून हाताला तेल आणि राख फासून बसायचं. व्यापारी अख्खी गोडंबीच घ्यायचा. मोडलेला चुरा घरात राहायचा. रडणाऱ्या लेकरांसाठी त्या चुऱ्याची पानवडी व्हायची. "दुकानातली गोडंबी धुतल्याली असती, जुनी असती. आमचा चुरा ताजा. फोडल्या फोडल्या पाकात. त्याला जरा बिब्बा राहायचाच. जिभेला चरचर व्हायची. त्या चरचरीबिगर कसली पानवडी?"

"आता कोणी करतं का?" आईनं विचारलं.

"हात जाळून घ्यायला कोण बसतंय आता? बिब्बे हायेत, ते तसेच इकतात." मामीनं चहाचा कप खाली ठेवला. "गिरजीची माय, माझी सासू, फोडतानाच तिच्या डोळ्यात तेल गेलं. एक डोळा गेला. मंग मायच्या जागी दगडापाशी गिरजी बसायला लागली. एवढीशी व्हती." तिनं हात जमिनीपासून थोडा वर धरून दाखवला. "लग्न होऊस्तवर बसली."

मला मोठ्या आईच्या हातांवरचे डाग डोळ्यांपुढं दिसले. मी आईकडं बघितलं नाही.

मामीच्या बोटांत आता फोडायचा जोर नव्हता. पण तिनं दगडावर बिब्बा कसा आडवा धरायचा, घाव कुठं घालायचा, राख कशी फासायची ते सगळं आईला दोन-चार बिब्बे फोडून दाखवलं. पत्रावळीसाठी वाळवून ठेवलेली पळसाची पानं दिली, भिजवून घ्यायला सांगितलं. बिब्ब्यांची पिशवी बांधताना ती आईला म्हणाली, "सवतीसाठी कोण करतंय गं एवढं?"

आईनं पिशवी उचलली. उत्तर तिनं मला परतीच्या एसटीत दिलं, मी न विचारता. खिडकीतून धूळ येत होती, आणि बिब्ब्यांची पिशवी तिनं पायात धरली होती, माझ्यापासून लांब.

"लग्न करून मला आणलं ना मंदे, त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं माझ्या. सगळे जेवून उठले. अण्णा जेवले, पाव्हणे जेवले. मला कुणी विचारलं नाही. मी कोपऱ्यात बसलेली. ही आली आन् म्हणाली, 'जेवलीस का?' मी नाही म्हटलं. तर हिनं ताट वाढून आणलं आन् मी खाऊस्तवर समोर बसली." आईनं पिशवी पायानं आणखी आत सारली. "तिच्या घरात मी सवत म्हणून आले, आन् मला जेवू तिनं घातलं. मला तेव्हाही कळलं नाही हिच्याशी काय बोलावं. आन् मग राहूनच गेलं."

आज मी आजी झाले आहे. बायकांच्या नात्यांवर पुष्कळ वाचलं, ऐकलं. पण 'राहूनच गेलं' या दोन शब्दांत आईनं जे सांगितलं तेवढं नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्यात वैर नव्हतं. सुरुवातीला दोघींपैकी एकीला शब्द सापडला नाही, आणि त्याच्यावर वर्षांची माती पडत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पाठीमागच्या अंगणात दगड घेऊन बसली. हाताला तेल लावलं, राख फासली. मी जवळ जायला लागले तशी ओरडली, "लांब बस! तुझ्या अंगावर उडालं तर तिला काय तोंड दाखवू मी?" मी शेळ्यांपाशी बसून बघत राहिले. ठक्, ठक् असा आवाज आणि मधेच चिर्र असं काहीतरी. आईचे बरेच बिब्बे पार चेंगरले, काही निसटून उडाले. एकदा तिनं मान झटकली आणि दंडानं गाल पुसला. पण ती उठली नाही. ऊन कलेपर्यंत वाटीभर चुरा निघाला. अख्खी गोडंबी एकही नव्हती. ते बघून आई मला म्हणाली, "बरं झालं. चुराच तर पाहिजे होता." तिचा विनोद मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आला.

संध्याकाळी तिला खाज सुटली. सकाळी मी उठले तर आईला एक डोळा उघडता येत नव्हता. गाल, मान, दोन्ही हात मनगटाच्या वर सुजून लाल झालेले, आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड. अण्णा दवाखान्यात चल म्हणत होते. आई म्हणाली, आधी तिचा चहा होऊ द्या. हात पदरात गुंडाळून तिनं कपबशी उचलली आणि आत गेली. मी मागोमाग.

मोठी आई भिंतीकडं तोंड करून होती. कपबशी खाली ठेवताना आईच्या हातून ती वाजली. त्या आवाजानं मोठ्या आईनं मान वळवली. आधी चेहरा बघितला, मग पदर.

"हात दाव," ती म्हणाली.

आईनं हात मागं घेतला.

"दाव म्हणते ना!"

आईनं हात पुढं केले. मोठ्या आईनं ते नुसते बघितले. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती. आणि मग त्या खोलीत कित्येक दिवसांनी तिचा तो जुना, म्हशींना मान वर करायला लावणारा आवाज आला. "येडी का खुळी गं तू? कुणी सांगितलं व्हतं तुला? डोळा गेला असता म्हंजे?"

ती उठली. भिंतीला धरून, मग माझ्या खांद्याला धरून, ती पडदा सारून स्वयंपाकघरात आली आणि पाट्यापाशी जमिनीवर बसली. "काळे तीळ काढ," मला म्हणाली, "वरच्या डब्यातले. आन् शेजारून लोणी आण वाटीभर, पळ." मी परत आले तेव्हा ती तीळ वाटत होती. वरवंटा तिला ओढवत नव्हता, दर फेऱ्याला ती थांबत होती, कपाळावर घाम आला होता. अण्णा "मी करतो" म्हणाले, तर त्यांना तिनं नुसत्या नजरेनं बाहेर घालवलं. वाटलेल्या तिळात लोणी कालवून ती आईच्या समोर सरकली आणि आईचा एकेक हात मांडीवर घेऊन लेप लावू लागली. बोटं फोडांवरून इतकी हलकी फिरत होती की लेप आपोआप पसरतोय असं वाटावं.

"राख लावली व्हती का?"

"लावली."

"कुठवर?"

"मनगटापर्यंत."

"कोपरापर्यंत लावायची असती. मानेलाबी." तिनं आईची हनुवटी धरून वर केली आणि पापणीवर करंगळीनं लेप लावला. "कौसीनं सांगितलं नाय?"

"सांगितलं असंल. माझ्या ध्यानात राहिलं नाही."

त्या दोघी एकमेकींकडं बघून बोलत होत्या. मी दारात उभी होते आणि हलायला भीत होते.

पाक मीच केला. आईचे हात लेपात होते आणि मोठ्या आईला चुलीपाशी बसवत नव्हतं. ती भिंतीला टेकून सांगत होती, गूळ किती, आच केव्हा कमी करायची, थेंब पाण्यात टाकून बघ, अजून नाय, अजून नाय, आता. चुरा टाकला, ढवळला, आणि भिजवून पुसलेल्या पळसाच्या पानांवर डावानं ओतला. थिजल्यावर तिनं पहिलं पान स्वतः सोललं. वडीच्या पाठीवर मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा जशाच्या तशा उमटल्या होत्या. मोठ्या आईनं तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

ती तो चघळत राहिली. डोळ्यातलं पाणी गालावरून हनुवटीखालच्या डागापर्यंत आलं, ते तिनं पुसलं नाही.

"लग्न करून निघाले तवा मायनं पदरात बांधली व्हती," ती म्हणाली. "सासरी लपवून खाल्ली मी. जरा जरा. ती संपली..." तिनं तुकडा गिळला. "ती संपली, त्याच्यानंतर मला कुणी करून घातलं नाय. मीच समद्यांना घातलं."

आई लेप लावलेले हात अधांतरी धरून समोर बसली होती. सुजलेल्या तोंडातून तिला नीट बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशी तुम्हीच घातलं होतं, अक्का."

मोठ्या आईनं दुसरा तुकडा मोडला, आणि आईला हात लावता येत नव्हता म्हणून तिच्या तोंडात घातला. "चावू नको," म्हणाली, "चघळ. मंग चरचर लागती."

मोठी आई बरी झाली. लगेच नाही. उन्हाळा संपेपर्यंत ती काठी धरून चालत होती. पण त्या दिवसापासून ती जेवायला लागली, आणि पाठ करून नाही, आईच्या शेजारी बसून. चूल पुन्हा तिच्या हातात गेली नाही आणि आईकडंही राहिली नाही. एकीनं कालवण केलं की दुसरी भाकरी थापायची. अण्णा मात्र पुढं आयुष्यभर, कोणत्याही भाकरीला चांगली म्हणण्याआधी, ती कुणी केलीय हे हळूच मला विचारून घ्यायचे. आईच्या हातांवरचे फोड वाळले, पण डाग गेले नाहीत. नळावर पाणी भरणाऱ्या नव्या बायका त्या दोघींचे हात बघून त्यांना मायलेकी नाहीतर सख्ख्या बहिणी समजायच्या.

अण्णा गेल्यावर मी दोघींना माझ्याकडं गारखेड्यात आणलं. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. आमच्या इमारतीखाली आता सुक्या मेव्याचं दुकान आहे आणि तिथं काचेच्या बरणीत गोडंबी असते, स्वच्छ, पांढरी, एकसारखी. मी तिची वडी करून बघितली आहे. माझ्या नातवंडांना आवडते. मी त्यांना ती पानवडी म्हणून देत नाही.

वयानं धाकटी असून आई आधी गेली. तिला दवाखान्यात दाखल केलं त्या सकाळची गोष्ट. मोठी आई तेव्हा कंबरेत पार वाकली होती, तरी घरी थांबायला तयार झाली नाही. रिक्षातून आमच्याबरोबर आली आणि खाटेच्या उशाशी स्टुलावर बसली. आई डोळे मिटून पडली होती. तरुण नर्स आली. तिनं आईचं नाव, वय विचारलं, आणि मग मोठ्या आईकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "आजी, तुम्ही कोण यांच्या? बहीण का?"

मी 'हो' म्हणणारच होते. सोपं होतं ते.

"नाय," मोठी आई म्हणाली. "सवत हाय मी तिची."

नर्सचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा म्हातारीकडं.

"सवत," मोठी आई आणखी स्पष्ट म्हणाली, त्या पोरीला नीट ऐकू जावं म्हणून. "आन् हे बघ बाई, तिला वरणात हिंग चालत नाय. जेवाण देताना तेवढं बघत जा."